दारातली डोणी

आमचा पानमळा पाहायला बाहेरगावचा कोणी आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "यंदा किती पान निघेल?" मी नुसता हसतो. पाहुण्याला वाटतं, माणूस धूर्त आहे, आकडा सांगत नाही. खरी गोष्ट अशी की मला आकडा माहीत नसतो. एके काळी माझ्या तोंडात आकड्यांशिवाय दुसरं काही नसे. त्याच काळात आमचा अर्धा मळा गेला.

या अंकाचे संपादक शिरपूरच्या देवळात दर्शनाला आले होते, तिथून मंगरूळला माझ्याकडे आले. फाटकाशी त्यांनी चपला काढल्या, दगडी डोणीतल्या पाण्यानं पाय धुतले आणि विचारलं, "हे देवासाठी का?" मी म्हटलं, "सांगायला बसलो तर संध्याकाळ होईल." ते म्हणाले, "मग सांगू नका, लिहा." म्हणून हे लिहितो आहे. लिहिण्याची सवय नाही. मराठी सातवी झालो त्याला फार वर्षं झाली.

ज्यांनी पानमळा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. विड्याचं पान झाडाला लागत नाही, वेलीला लागतं. ही वेल मोठी नाजूक. ऊन तिला सोसत नाही, वारा सोसत नाही, पाणी साचलेलं सोसत नाही आणि पाणी चुकलेलंही सोसत नाही. म्हणून शेवरी-पांगाऱ्याची झाडं ओळीनं लावून त्यांच्या सावलीत ती चढवायची, चहूकडून तुऱ्हाट्या-पऱ्हाट्यांचं, म्हणजे तुरी-कपाशीच्या वाळल्या काड्यांचं कूड घालायचं, मोटेचं पाणी पाटानं ओळीओळीला द्यायचं. वेल वर गेली की लव्हाळ्यानं हलक्या हातानं बांधायची. बांध घट्ट झाला तर ती गुदमरते, सैल झाला तर खाली घसरते. खुडलेलं पान केळीच्या पानात ओलं ठेवायचं आणि रोज उलटून-पालटून पाहायचं, कारण टोपलीत एक पान नासलं की शेजारच्याला घेऊन जातं. बाहेर मे महिन्याची आग असते तेव्हा आत शिरलं की देवळाच्या गाभाऱ्यासारखा गारवा लागतो. आम्ही बारी लोक त्याला देऊळच मानतो. पायताण घालून आत जायचं नाही. पाय धुतल्याशिवाय जायचं नाही.

माझ्या वडिलांना सगळे आबा म्हणत. घर मळ्याला लागूनच. ते रोज पहाटे विहिरीवरून पाणी आणून फाटकाजवळची डोणी भरत. मग पाय धुऊन आत जात आणि एक ओळ पाहत. एकच. प्रत्येक वेलीला हात लावून, बुडाशी वाकून, पानाची मागची बाजू उलटून. दुसऱ्या दिवशी पुढची ओळ. सगळा मळा संपला की पुन्हा पहिल्यापासून. वेळ उरला तरी दुसऱ्या ओळीला हात लावत नसत. मी एकदा म्हटलं, "आबा, आज काम नाही तर दोन ओळी पाहून घ्या ना."

"दोन पाह्यल्या की उद्या वाटते, काल दोन झाल्या, आज राहू दे," आबा म्हणाले. "मले माह्यावर भरोसा नाही, बाप्पा. म्हणून एक."

मला हे म्हाताऱ्याचं वेड वाटे.

तसे आबा हट्टीही होते. नागपंचमीला आमच्यात पान खुडत नाहीत. त्या दिवशी वेलीची पूजा, बाकी मळ्याला विश्रांती. एका नागपंचमीला कचेरीतला शिपाई धावत आला. कुणी मोठे साहेब मुक्कामाला होते.

"पान द्या लवकर. साहेब विडा मागून राह्यले."

"आज पान नाही."

"इतकं हिरवंगार दिसून राह्यलं अन् नाही काहून म्हणता?"

"तुह्या कचेरीले रविवार असते ना? मळ्याले वर्षातून हाच एक रविवार. साहेबाले सांग, पानाची सुट्टी हाये."

शिपाई कपाळाला हात लावून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी स्वतः निवडक पानं नेऊन दिली आणि पैसे घेतले नाहीत. साहेब काय म्हणाले ते कळलं नाही. पण तो शिपाई पुढे कधी आला की फाटकाबाहेरूनच ओरडे, "आज रविवार तर नाही ना हो, आबा?"

आबा गेले आणि मळा माझ्या मोठ्या भावाकडे आला. दादानं डोणी भरणं, एक ओळ पाहणं, सगळं तसंच चालवलं. तो बोलायचा कमी, राबायचा फार. एका पावसाळ्यात तापानं तोही गेला. मागे राहिली वहिनी, सुभद्रा तिचं नाव. मूल नव्हतं. मळ्यातला अर्धा वाटा दादाचा, म्हणजे आता तिचा. पण वाटा म्हणजे काय, तर वेली. वेली आहेत तोवर वाटा आहे. वेली गेल्या तर तिच्या नावाला उरणार होती नुसती विहिरीकाठची माती. मग शेलूबाजारला भावाच्या दारात भावजयीच्या हाताखाली उरलेलं आयुष्य काढणं, एवढंच तिच्यापुढे होतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. म्हणूनच माझ्या हातून झालं ते मला अजून झोंबतं.

माझा स्वभाव आधी सांगायला हवा. मी संकल्पांचा माणूस. पाडव्याला कडुलिंब चावता चावता मी वर्षाचे संकल्प सोडत असे. रोज तालीम करीन, पोथी पुरी करीन, तंबाखू सोडीन. आखाडीपर्यंत त्यातलं काही उरत नसे. पण संकल्प सोडताना छाती अशी भरून येई की अर्धं काम झाल्यासारखंच वाटे. माझी बायको यशोदा म्हणे, "तुमचा संकल्प म्हणजे पोळ्याचा बैल. एक दिवस झूल, मंग हायेच आपलं."

मळा हाती आला तेव्हा मी मोठाच संकल्प सोडला : पान दुप्पट करायचं. कुडापलीकडे नवा तुकडा तयार करायचा, पुढच्या लग्नसराईत सगळ्या तालुक्याला आपलं पान, आणि नागपंचमीला वेलीला चांदीचा नाग. हे मी ज्याला त्याला सांगत सुटलो. दर्ग्याजवळ करीमचाचा तांबोळ्याचं दुकान होतं. आबांच्या वेळेपासून आमचं पान तिथे जाई, दर्ग्याच्या गुरुवारच्या गर्दीला तर हमखास. पान गालाला लावून ताजं की शिळं ते चाचा ओळखत. त्यांनाही सांगितलं.

"दुप्पट?" चाचा हातातली पानं उलटत म्हणाले. दुपारची नमाज झाली की ते रोज सगळी टोपली उलटत. "दुप्पट पान घेऊन मी ठेवू कोठी? गिऱ्हाइकाचं तोंड काय दुप्पट होणार हाये?"

"चाचा, तुमी मोठा विचारच नाही करत."

"मोठा विचार तू कर, बावा. मले आज पान पायजे, उद्या पान पायजे, परवा पान पायजे. तुहा बाप कधी वादा नाही करे. पण पान आलं नाही असा एक गुरुवार सांग मले."

मी हसून सोडून दिलं. त्या दिवसांत मी पहाटेपासून नव्या तुकड्यावर असे. खणणं, शेवरी लावणं, कूड घालणं. अंग मोडून काम केलं, हे खोटं नाही. फक्त जुन्या मळ्यातली ओळ पाहायला वेळ होईना. म्हटलं, रविवारी सगळ्याच ओळी एकदम पाहू. रविवारी सगळ्या ओळींतून नुसता चालत जाई. सगळं हिरवं दिसे. डोणी भरणं माझ्याकडेच होतं, तेही राहू लागलं. एक दिवस राहिली, मग दोन दिवस. पुढे पुढे तिच्यात शेवरीचा पाला साचला. वहिनी आपल्या तांब्यातलं पाणी पायांवर घेऊन आत जाई. एकदा ती म्हणाली, "भाऊजी, डोणी कोरडी हाये." मी म्हटलं, "हो वहिनी, भरतो." ती पुन्हा बोलली नाही.

नव्या तुकड्याला बेणं हवं होतं, म्हणजे लावायला वेलीचे तुकडे. आपल्याच मळ्यातलं थोडं थोडं काढून लावावं, ही रीत. पण त्यानं दुप्पट एका वर्षात होत नाही. म्हणून शिरपूरच्या एका ओळखीच्या बाऱ्याकडे गेलो. त्यानं बेणं दिलं आणि जाताना सांगितलं, "त्या कोपऱ्याकडे जाऊ नको. तिकडच्या वेली बसून राह्यल्या." वेल बसणं म्हणजे मर लागणं. बुंधा काळा पडतो, वेल माना टाकते, आणि पाण्याबरोबर रोग ओळीओळीनं पुढे सरकतो. मी हो म्हटलं. पण बेणं तोडायला त्याच चिखलातून फिरलो.

घरी आलो तो पाऊस भुरभुरत होता. बेणं सावलीत ठेवायचं म्हणून तसाच जुन्या मळ्यात शिरलो. पायताण फाटकाशी काढलं, ते अंगवळणी होतं. डोणीकडे हात गेला. तिच्यात पाला होता. विहीर चार पावलांवर होती. मी आत गेलो.

आता कुणी म्हणतं रोग बेण्यातून आला, कुणी म्हणतं पायांच्या चिखलातून. दोन्ही मीच आणलं होतं, तेव्हा निवाडा करून काय करायचं? दसऱ्याच्या सुमारास मी जिथे बेणं ठेवलं होतं तिथली ओळ पिवळी दिसली. ती मी पाहिली तेव्हा रोग पुढच्या ओळींत गेलेला होता. रोज एक ओळ पाहिली असती तर पहिल्याच वेलीशी सापडला असता. दिवाळीपर्यंत विहिरीकडचा अर्धा मळा बसला. आम्ही वेली उपटून जाळल्या. ओल्या वेली धड जळतही नाहीत, नुसत्या धुमसतात. वहिनी धुराकडे पाठ करून उभी होती.

वहिनीचे भाऊ शेषराव बैलांची दमणी जुंपून आले. मोठ्या आवाजाचा, सरळ माणूस. ओट्यावर बसून मला ऐकू जाईल असं बोलले.

"सुभद्रे, चाल घरी. इथे आता काय ठेवलं? अर्धा मळा यानं जाळला, अर्धा उन्हाळ्यात जाईन."

वहिनी आत गेली. तिनं दादाच्या जुन्या धोतरात आपली लुगडी बांधून बोचकं केलं. ते हातात घेऊन बाहेर आली, उंबऱ्याशी थांबली, आणि परत आत जाऊन तिनं ते खुंटीला अडकवलं.

"बांधून ठेवलं हाये, भाऊ. पुढच्या बाजाराले ये. मंग सांगते."

"पुढच्या बाजाराले काय होणार हाये?"

"तेच पाह्यचं हाये."

दमणी रिकामी गेली. बोचकं सोडलं गेलं नाही. तिच्या खोलीचं दार उघडं असलं की ओट्यावरून ते दिसे, आणि मला दिवसभर दुसरं काही दिसत नसे.

मी काय केलं असेल? माझ्या स्वभावाप्रमाणेच केलं. मोठं प्रायश्चित्त घ्यायचं ठरवलं. वर्षभर एक वेळ जेवायचं, मीठ सोडायचं, अनवाणी राहायचं, मळा पुन्हा उभा राहीपर्यंत विडा तोंडात घालायचा नाही. वहिनीपुढे हात जोडून हे सगळं सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं, ते खरं होतं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही.

"तुमी अळणी खाल्लं तर वेल हिरवी होते काय, भाऊजी?"

"वहिनी, मग मी करू तरी काय? सांगा तुमी. काहीही सांगा."

"डोणी भरा."

"ती तर भरतोच. पण त्याशिवाय..."

"भरता कोठी? आज भरली काय?"

नव्हती भरली. प्रायश्चित्ताच्या विचारात राहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे भरली. त्यानंतर काही दिवस भरली. मग एका सकाळी थंडी होती म्हणून उशिरा उठलो. मळ्याकडे गेलो तर वहिनी फाटकाबाहेर उभी. हातात टोपली, डोक्यावर पदर. डोणी कोरडी. आता ती तांब्या आणत नव्हती. स्वतः डोणी भरतही नव्हती, बोलतही नव्हती. नुसती उभी होती. रस्त्यानं जाणारी एक बाई म्हणाली, "काय व सुभद्रे, कोणाची वाट पाहून राह्यली?" वहिनी म्हणाली, "पाण्याची." मी धावत विहिरीवर गेलो. त्या सकाळी मला जी लाज वाटली तिनं पाडव्याच्या माझ्या साऱ्या संकल्पांपेक्षा जास्त काम केलं.

तरी मी लगेच सुधारलो असं नाही. आणखी काही वेळा ती तशीच उभी राहिली. मग मला एक गोष्ट सुचली. माझ्या मनावर हे सोडायचंच नाही. पहिली घागर विहिरीतून निघाली की ती डोणीत, मग चुलीला, मग प्यायला. घरच्या घागरी मीच आणत असे, तेव्हा डोणी भरल्याशिवाय घरात चहा होणंच बंद झालं. यशोदा चिडली. "माणसं तहानली अन् दगडाले पाणी!" पण तिलाही चहा हवा असे.

एक ओळ पाहणंही तसंच सुरू झालं. पहिल्या दिवशी मी उत्साहानं तीन ओळी पाहिल्या. वहिनीनं मागून हाक मारली, "भाऊजी, आज एक. बाकीच्या कोठी पळून नाही चालल्या." ओळीतून ओळीत पाणी जाऊ नये म्हणून पाट तोडला, मधे चर खणला आणि उन्हाळाभर उरलेल्या वेलींना घागरींनी पाणी घातलं. विहीर तळाला गेली होती. नव्या तुकड्याला पाणी पुरेना. तो सोडून द्यावा लागला. माझ्या हातानं लावलेल्या शेवऱ्या डोळ्यांदेखत वाळल्या. दुप्पट पान, तालुका, चांदीचा नाग, सगळं त्यांच्याबरोबर वाळलं. आश्चर्य म्हणजे मला फार दुःख झालं नाही. दुःख करायला सकाळी सवडच नसे. डोणी, ओळ, घागरी, आणि पान असेल तितकं खुडून चाचांकडे.

पहिल्या गुरुवारी मूठभर पान घेऊन गेलो तेव्हा टोपली उघडायला लाज वाटत होती. चाचांनी एक पान गालाला लावलं.

"कमी हाये, चाचा."

"मी मोजलं काय? कमी आण, पण आण."

शेषराव दर थोड्या दिवसांनी येत राहिले. दर वेळी वहिनी म्हणे, "पुढच्या बाजाराले ये." एकदा ते मला म्हणाले, "तुमच्या वहिनीपायी माह्या बैलांले हा रस्ता पाठ झाला. मी झोपलो तरी दमणी इथे येऊन उभी राहीन." मी हसलो, पण खुंटीकडे पाहूनच.

उन्हाळा निघाला. वेली तगल्या. पावसाळ्यात निरोगी ओळींतलं बेणं काढून रिकाम्या जागी थोडं थोडं लावलं, या वर्षी एक ओळ, पुढच्या वर्षी पुढची. मला वाटलं, आता बोचकं सुटेल. सुटलं नाही. मी धीर करून विचारलंही, "वहिनी, अजून माफ नाही केलं काय मले?" ती पान निवडत होती. म्हणाली, "तुमच्यावर रागच कोठी हाये, भाऊजी? तुमी आता करून राह्यले, ते मले दिसते. पण तुमी म्हणजे तुमी. उद्या तुमच्या मनात दुसरं काही भरलं तर?"

आबांना स्वतःवर भरोसा नव्हता. हिला माझ्यावर का असावा?

पुढच्या पावसाळ्याअखेर मला हिवतापानं धरलं. दिवसाआड थंडी वाजून येई आणि मग शुद्ध नसे. यशोदा सांगते, मी तापात डोणी डोणी करत होतो. एकदा पहाटे शुद्ध आली, तर बाहेर फाटकाशी घागर ओतल्याचा आवाज ऐकला. वाटलं, भास आहे. पुढच्या पहाटे तोच आवाज, आणि यशोदाचं पुटपुटणं : "माणूस तापानं फणफणून राह्यला अन् इथे आधी दगडाची तहान."

ताप उतरल्यावर काठी टेकत मळ्याकडे निघालो. जाता जाता वहिनीच्या खोलीचं दार उघडं दिसलं. खुंटी रिकामी होती.

ती गेली, आणि मी तापात असताना गेली, निरोपही घेतला नाही. कसाबसा फाटकापर्यंत पोचलो. डोणी काठोकाठ भरलेली होती. आत सावलीत पानाच्या टोपल्या मांडलेल्या होत्या आणि त्यांच्यावर एक ओलं फडकं पसरलेलं होतं. विटक्या लाल काठाचं दादाचं धोतर, बोचक्याचं. त्याचे दोन तुकडे केले होते, एकेका टोपलीवर एकेक. पलीकडे वहिनी एका वेलीशी वाकून बुंधा पाहत होती. शेजारी यशोदा दुसऱ्या वेलीशी.

डोळे भरून आले. काही बोलावं म्हणून मी तसाच पुढे झालो.

वहिनीनं मान वरही केली नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "पाय."

मी मागे फिरलो आणि पाय धुतले.